जॅक बसला, पण जोडणी झाली नव्हती: घुमट-आरतीच्या ध्वनिमुद्रणाचं एक प्रकरण

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तीन आठवडे उरले होते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरून फोन आला, तिथल्या भजनी मंडळाच्या बुवांच्या पुतण्याचा. "दादा, जरा येऊन जा. सगळं जोडलंय, पण आवाज धड येत नाही. आणि तानपुऱ्याचं मशीन तर बंदच पडलं."

या भजनी मंडळाने यंदा आपल्या घुमट-आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने गायच्या आरत्या, नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायचं ठरवलं होतं. बुवा पंचाहत्तरीला टेकले आहेत आणि वाड्यावरच्या दोन-तीन आरत्यांच्या चाली त्यांच्याखेरीज कुणाला पूर्ण येत नाहीत. शब्द वहीत आहेत. पण कुठल्या कडव्याला लय चढवायची, घुमट कुठे थांबवून शामेळ हे दुसरं तालवाद्य एकटं वाजू द्यायचं, हे वहीत उतरत नाही. म्हणून हे काम मला महत्त्वाचं वाटलं आणि मी त्याच संध्याकाळी निघालो.

सामान कमी नव्हतं. आखातात नोकरीला असलेल्या एका सभासदाने माइकचा क्षीण संकेत वाढवणारा आठ इनपुटांचा प्रीअ‍ॅम्प पाठवला होता, जो यूएसबीने लॅपटॉपला जोडतात. पाच डायनॅमिक माइक (ज्यांना वीज लागत नाही), एक कंडेन्सर (ज्याला लागते), केबलांचा एक पिशवीभर गुंता. घर जुनं, चिऱ्याच्या भिंतींचं, मधे राजांगण, वर मंगळुरी कौलं. बाहेर पाऊस.

मी पोचलो तेव्हा जोडणी अशी होती: पहिल्या इनपुटात बुवांचा माइक, दुसऱ्यात कोरसचा, तिसऱ्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा, चौथ्यात पेटीवर धरलेला कंडेन्सर, पाचव्यात व्हायोलिन, सहाव्यात घुमट, सातव्यात शामेळ. प्रत्येक प्लग आपापल्या सॉकेटात घट्ट बसलेला. पुतण्याने काम मन लावून केलं होतं, एकही वायर लोंबत नव्हती. तरी तक्रारी चार: तानपुरा आधी क्षीण आला आणि मग गेलाच, व्हायोलिन पत्र्यासारखं वाजत होतं, घुमटाच्या इनपुटाचा दिवा लाल व्हायचा, म्हणजे आवाज फाटत होता, आणि या सगळ्याखाली एक गुणगुण सतत चालू होती.

हल्लीच्या प्रीअ‍ॅम्पवर जे सॉकेट असतं त्यात मधल्या भोकात पाव इंची जॅक बसतो आणि भोवतीच्या तीन छिद्रांत माइकची एक्सएलआर पिन. दिसायला एकच दार, पण आत वाटा वेगळ्या. एक्सएलआरने गेलात तर माइकच्या वाटेने जाता, जॅकने गेलात तर लाइनच्या, म्हणजे आधीच जोराच्या असलेल्या संकेताच्या. पहिल्या दोन इनपुटांना वाद्याची तिसरी वाट असते, ती बटण दाबल्यावर उघडते. प्लग कुठेही बसतो, म्हणून माणसाला वाटतं की जोडणी झाली. जोडणी होते ती तीन गोष्टी जुळल्यावर: येणारा विद्युत संकेत किती जोराचा आहे, त्यामागचं वाद्य किती भार पेलू शकतं, आणि तो किती तारांवरून येतो. या घरातल्या चार तक्रारींपैकी तीन याच प्रश्नांपाशी येऊन थांबल्या.

तानपुऱ्याचं काय झालं

मंडळाचा तानपुरा म्हणजे ती छोटी पेटीवजा इलेक्ट्रॉनिक मशीन. तिच्या मागे हेडफोनचं भोक. पुतण्याने बाजारातून एका टोकाला हेडफोनचा छोटा जॅक आणि दुसऱ्या टोकाला एक्सएलआर अशी तयार केबल आणली आणि तिसऱ्या माइक इनपुटात लावली. आवाज आला, पण इतका लांबून की गेन, म्हणजे संकेत वाढवायचं बटण, पूर्ण उजवीकडे फिरवलं तरी सरसर जास्त आणि तानपुरा कमी.

माइकचा इनपुट समतोल असतो. त्यात पिन १ जमीन, आणि २ व ३ या दोन तारांवर एकच संकेत उलटसुलट येतो. इनपुट फक्त त्या दोघांमधला फरक ऐकतो. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंगाट त्या वजाबाकीत निघून जातो, माइकची केबल वीस-वीस मीटर ओढता येते ती त्यामुळेच. हेडफोनच्या जॅकमध्येही तीनच तारा असतात, पण त्या डावा, उजवा आणि जमीन अशा. या मशीनमधून डाव्या-उजव्या दोन्हींना तोच तानपुरा जातो. ती केबल डावा पिन २ वर आणि उजवा पिन ३ वर नेते. इनपुट मग इमानाने आपलं काम करतो, डाव्यातून उजवा वजा करतो, आणि सारख्यातून सारखं वजा केल्यावर राहतं ते जवळजवळ शून्य. जे क्षीण ऐकू येत होतं ते दोन बाजूंमधला बारीकसा फरक.

हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून करून दाखवलं. बुवांच्या सुनेच्या फोनला अजून हेडफोनचं भोक आहे. त्यावर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं, ४८ व्होल्टचं बटण बंद असल्याची खात्री केली आणि तीच केबल जोडली. पुन्हा तोच लांबचा आवाज. मग माझ्या पिशवीतली दुसरी केबल काढली, जिच्या एका टोकाला हेडफोनचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळे मोनो जॅक. त्यातला फक्त डावा लाइन इनपुटात घातला. खोलीभर तानपुऱ्याची जोड, म्हणजे षड्जाच्या दोन तारा, घुमली. बुवा पेटीवर काळी दोन धरून बसलेच होते, ते म्हणाले, "हां, आता लागला षड्ज."

पण मशीन बंद का पडलं? तो दोष ४८ व्होल्टांचा. कंडेन्सर माइकला आतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी वीज लागते, ती प्रीअ‍ॅम्प त्याच केबलमधून पाठवतो. तिला फॅन्टम पॉवर म्हणतात. या प्रीअ‍ॅम्पवर तिची बटणं दोनच आहेत, एक १ ते ४ साठी आणि एक ५ ते ८ साठी. पुतण्याने चौथ्या इनपुटातल्या कंडेन्सरसाठी बटण दाबलं आणि तेच व्होल्ट तिसऱ्यात बसलेल्या तानपुऱ्याच्या हेडफोनच्या भोकात उलटे शिरले. हेडफोनमध्ये मोठा 'ठप्प' झाला आणि त्यानंतर त्या भोकातून काही आलं नाही. मशीनचा स्वतःचा स्पीकर मात्र वाजत राहिला, यावरूनच निदान पक्कं झालं.

"मग बुवांच्या माइकला काही झालं नाही ते कसं? तोही त्याच चारांत होता," पुतण्याने विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. मी मल्टिमीटर काढला आणि मोकळ्या केबलच्या टोकाला लावून त्याच्याच हातात दिला. पिन १ आणि २ मध्ये ४८ च्या आसपास. १ आणि ३ मध्येही तेवढेच. २ आणि ३ मध्ये शून्य. डायनॅमिक माइकची तारेची गुंडाळी २ आणि ३ च्या मधे असते. दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट, त्यामुळे तिच्यातून वीज वाहतच नाही. ही वीज प्रत्येक तारेवर ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून येते, म्हणून चुकीच्या जागी गेली तरी एका तारेवर जास्तीत जास्त सातेक मिलिअँपियर वाहते. हेडफोनच्या बारीक आयसीला (चिपला) तेवढं पुरतं. आणि डायनॅमिक माइकही एका परिस्थितीत सुरक्षित नसतो: केबलमध्ये पिन ३ जमिनीला जोडलेली असेल तर. मग तोल बिघडतो आणि तीच वीज गुंडाळीतून जाते. रिबन माइकला तर अशा केबलने कायमची इजा होऊ शकते.

"४८च का?" तोही प्रश्न आलाच. १९६६ साली न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी ट्रान्झिस्टरवर चालणारे माइक केले, तेव्हा तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता. तोच घेतला आणि पुढे तो प्रमाण झाला.

व्हायोलिन

व्हायोलिन वाजवणारी मुलगी बारावीत आहे. मंडळात व्हायोलिन असणं काहींना नवं वाटेल, गोव्यात ते वाटत नाही. तिच्या वाद्याच्या घोडीत पिझो पिकअप बसवलेला आहे. आत बॅटरी नाही, बटण नाही, नुसतं बाहेर येणारं एक भोक. तिने ते पाचव्या इनपुटात जॅकने लावलं होतं. ती जवळजवळ रडकुंडीला आली होती. "काका, माझं व्हायोलिन असं नाही वाजत हो."

"नाहीच वाजत, बाय," मी म्हटलं. "हा आवाज तुझा नाही, जोडणीचा आहे."

पिझो म्हणजे एक स्फटिक. तो दाबला-सुटला की वीज निर्माण करतो, पण अगदी नाजूक. विद्युतदृष्ट्या तो एका छोट्या कपॅसिटरसारखा वागतो, साधारण १ नॅनोफॅरडचा. पाचव्या इनपुटाची लाइनची वाट १० किलोओहमचा भार टाकते. कपॅसिटर आणि भार मिळून एक गाळणी तयार होते, जी खालचे स्वर अडवते. तिची सीमा कुठे पडते ते शाळेच्या सूत्राने निघतं: १ भागिले दोन गुणिले पाय (π) गुणिले रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स. १० किलोओहमला ही सीमा येते सुमारे १५,९०० हर्ट्झवर! म्हणजे व्हायोलिनचे सगळेच्या सगळे स्वर सीमेच्या खाली, आणि जो स्वर जितका खालचा तितका तो जास्त मार खाणार. पाश्चात्य जुळवणीत व्हायोलिनची सर्वांत खालची मोकळी तार १९६ हर्ट्झची. तिथे संकेत ८० भागांतला एक उरतो. वरचा खरखरीत घासण्याचा आवाज तेवढा शिल्लक राहतो, तोच पत्र्यासारखा.

आता तोच जॅक पहिल्या इनपुटात घालून वाद्याचं बटण दाबा. तिथे भार १ मेगाओहम, म्हणजे शंभर पट हलका. सीमा शंभर पट खाली येते, १५९ हर्ट्झवर. १९६ च्या खाली. पूर्ण व्हायोलिन आत आलं.

तिने गज लावला आणि एक लांब मंद्र पंचम काढला. त्यानंतर दहा मिनिटं आम्ही कुणीच काही जोडलं नाही, ती वाजवत राहिली. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त समाधान कशाचं मिळालं असेल तर या दहा मिनिटांचं. एका मुलीला तीन दिवस वाटत होतं की आपला हात बिघडला.

बरेच जण अशा वेळी डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा संकेत माइकच्या इनपुटाला जुळवून देणारी डबी, घ्या म्हणतात. घ्या, पण कुठला ते बघून. साधा ट्रान्सफॉर्मरचा डीआय वाद्याला साधारण दीड-दोनशे किलोओहमचाच भार दाखवतो. कीबोर्डला तो उत्तम, पण या पिझोची सीमा त्याच्याने आठशे हर्ट्झ आणि त्याच्याही वर जाते. पिझोला वीज घेणारा, १ मेगाओहम किंवा जास्त इनपुटाचा डीआयच लागतो. घरात प्रीअ‍ॅम्पचंच वाद्य-इनपुट पुरलं, फक्त मुलीला त्याच्याजवळ बसवलं आणि केबल तीन मीटरची ठेवली. ही केबल समतोल नसते, लांब केली की वाटेतला गोंगाट उचलते, आणि पिझोच्या बाबतीत तिची स्वतःची कपॅसिटन्स आवाजही खाली आणते.

घुमट, पेटी आणि माइकांची जागा

घुमटाच्या लाल दिव्याचं कारण सोपं होतं. सगळ्या माइकांचा गेन एकाच खुणेवर ठेवलेला होता, दिसायला नीटनेटका. साध्या डायनॅमिक माइकमधून ९४ डेसिबलच्या आवाजाला सुमारे २ मिलिव्होल्ट निघतात. त्याचे लाइनच्या पातळीचे १.२३ व्होल्ट करायचे तर सहाशेपटीहून जास्त, म्हणजे ५६ डेसिबल वाढवावं लागतं. पण आवाज २० डेसिबलने चढला की माइकमधून दहापट जास्त येतं. बुवांचा सत्तरी उलटलेला गळा आणि हाताच्या तळव्याखालचं घुमट यांना एकच गेन चालणं शक्यच नाही. घुमटाचा गेन उतरवला तेव्हा सर्वांत जोराच्या थापेला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबू लागला (शून्याला आवाज फाटतो). चोवीस बिटांवर ध्वनिमुद्रण करताना तेवढी मोकळी जागा ठेवायला काही हरकत नसते, शून्याच्या जवळ रेटायचा हट्ट कशाला?

जागेचं मात्र सांगायला हवं. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं. वाजवणारा एका हाताने थाप मारतो आणि दुसऱ्याने उघडं तोंड झाकत-उघडत घुमारा वळवतो. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं वापरतात. जुने वादक म्हणतात की नाद बदलला, आणि मला ते खरं वाटतं. म्हणूनच उरलेला घुमारा तरी माइकने पूर्ण पकडावा. माइक सरळ उघड्या तोंडासमोर होता, आणि प्रत्येक थापेला तिथून हवेचा झोत येऊन माइकवर आपटत होता. तो वीतभर लांब घेऊन तिरपा केला. झोत बाजूने गेला, घुमारा राहिला.

पेटीचा कंडेन्सर भात्याच्या बाजूला होता, भात्याची फसफस स्वरांपेक्षा मोठी. तो पलीकडून वर, हातभर अंतरावर नेला. बुवा स्वतःच पेटी वाजवत गातात, तेव्हा त्यांचा गळा दोन माइकांत शिरतो आणि दोन अंतरांमुळे पोकळ होतो. गळ्याचा माइक तोंडापासून वीतभर, तर पेटीचा माइक तोंडापासून निदान तीन विती, एवढा नियम पाळला. कांसाळी, म्हणजे झांजा, वाजवणाऱ्या दोघांना मी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसवलं. त्यांना माइक दिलाच नाही. आत सगळ्यांच्या माइकांत ती भरपूर येत होती. मोठ्या काकांना ते आधी आवडलं नाही. ऐकवल्यावर मान हलवली.

कंडेन्सरमध्ये मधूनच तडतड येई. केबलचं टोक उघडलं तर पिनांवर हिरवी बुरशीसारखी पुटं. खारी हवा आणि पावसाळी दमटपणा, दोन्ही पितळेला पचत नाहीत. फॅन्टमची वीज अशा कच्च्या जोडावरून गेली की प्रत्येक हलण्याला तडतडते. पिना घासून पुसल्या, केबल बदलली. माइक रात्री सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवायला सांगितलं.

गुणगुण

लॅपटॉपचा चार्जर स्वयंपाकघरातल्या बोर्डावर, ऐकायचा स्पीकर ओसरीवरच्या. दोघांनाही तीन पिनांचा प्लग, म्हणजे दोन्हीकडून अर्थिंग, आणि मधे केबलने ते पुन्हा एकमेकांना जोडलेले. जमिनीच्या तारेचा असा फेरा पूर्ण झाला की त्यात पन्नास हर्ट्झची वीज फिरते आणि ऐकू येते. चार्जर काढला, गुणगुण थांबली. परत लावला, परत आली.

मंडळातल्या एकाने सुचवलं की चार्जरची जाड पिन मोडून टाकू, पूर्वी केलं होतं. हे मी करू दिलं नाही. ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी असते. पावसाळ्यात, ओल्या लादीवर अनवाणी बसून, ओठ धातूच्या माइकला लावून गाणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर नाहीच नाही. एकच जाड एक्स्टेंशन आणलं, सगळी यंत्रं त्याच एका बोर्डावर घेतली, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवला. व्हायोलिनच्या खाली थोडी घरघर उरली होती, ती तिची केबल चार्जरच्या वायरीला समांतर पडली होती म्हणून. आडवी ओलांडून घेतली.

शेवटची मांडणी अशी झाली: १ मध्ये व्हायोलिन, वाद्याचं बटण दाबून. २ मध्ये फोनवरचा तानपुरा, फक्त डावा, लाइनने. ३ बुवा, ४ कोरस. या चारांचं फॅन्टम बंद. ५ मध्ये पेटीचा कंडेन्सर, ६ घुमट, ७ शामेळ, आणि या बाजूचं फॅन्टम चालू, डायनॅमिक माइकांच्या केबला मल्टिमीटरने तपासून. ८ रिकामा. फॅन्टम चालू करताना आधी केबल, मग हेडफोनचा आवाज शून्यावर, मग बटण. काढताना आधी बटण बंद, थोडं थांबून केबल.

दोन संध्याकाळींत पाच आरत्या झाल्या. तिसऱ्या आरतीच्या वेळी कौलांवर सर आली आणि ती पेटीच्या माइकात स्पष्ट ऐकू येते. पुन्हा घेऊया का असं मी विचारलं. बुवा म्हणाले, "राहू दे. चवथीला पाऊस असतोच."

तानपुऱ्याचं मशीन फोंड्यातल्या दुरुस्तीवाल्याने उघडलं. हेडफोनला जाणारा आयसीच गेला होता, तो बदलून मिळाला. पुतण्याने प्रीअ‍ॅम्पच्या तिसऱ्या-चौथ्या सॉकेटाखाली पांढरी पट्टी चिकटवली आहे आणि तिच्यावर पेनाने लिहिलंय: "इथे मशीन लावू नये." ती बाजारातून आणलेली केबल त्याने वेगळी बांधून ठेवली आहे, तिलाही तशीच एक चिठ्ठी लावून.